लाडबोरीची रिंग : वर पाहणाऱ्या गावांचा एक प्रकरण अभ्यास

घटना

२ एप्रिल २०२२, शनिवार, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून पेटत्या रेघांचा एक जुडगा सरकत गेला. बुलढाणा-अकोल्यापासून चंद्रपूरपर्यंत लोकांनी तो पाहिला, मोबाइलवर टिपला. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान पेटलं म्हणालं. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, मोकळ्या जागेत धातूची मोठी रिंग येऊन आदळली. व्यास अडीच-तीन मीटर. त्याच तालुक्यात पवनपारकडे धातूचा एक पोकळ गोळा सापडला आणि पुढच्या काही दिवसांत जिल्ह्यात तसे आणखी गोळे मिळाले. या वस्तू सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात जमा झाल्या, आठवड्याभरात इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चांग झेंग ३ बी या चिनी रॉकेटचा तो उरलेला भाग असावा, असं अवकाश अभ्यासकांनी सांगितलं. कुणाला खरचटलंही नाही.

एवढ्यावर ही बातमी संपली. मी ती तीन वर्षांनी पुन्हा उकरून काढली, त्याचं कारण वेगळं होतं.

मे २०२५ मध्ये, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत, टीव्हीवर रात्रीच्या आकाशात लाल ठिपक्यांच्या माळा दिसत होत्या. ड्रोन पाडायला एल-७०, झेडयू-२३ आणि शिल्का या तोफा बाहेर काढल्या होत्या. ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. आमच्या ग्रामपंचायतीला वाटलं की आपणही काहीतरी करावं, आणि असलं काम गावात नेहमी मास्तरच्या गळ्यात पडतं. ‘युद्धकाळात घ्यायची काळजी’ अशा मथळ्याखाली मोबाइलवर जे फिरत होतं ते वाचून दाखवलं, तर लोक जांभया देऊ लागले. त्यांचंही बरोबर होतं. सीमा इथून हजार किलोमीटरवर, आणि १० मे रोजी, म्हणजे शस्त्रसंधीची बातमी आली त्याच दिवशी, सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायांना वाघाने मारलं होतं. अशा वेळी जम्मूच्या आकाशाबद्दल बोलणाऱ्या माणसाला कोण ऐकणार?

म्हणून लोकांनी स्वतः पाहिलेलं काहीतरी हवं होतं, आणि पाडवा सगळ्यांना आठवत होता.

मी स्लॅबवर होतो

त्या संध्याकाळी मी काय केलं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं शहाणपण फुकटचं वाटेल. लाडबोरीपासून वीसेक किलोमीटरवर आमचं गाव. मी घराच्या स्लॅबवर उभा होतो, आणि एकटा नव्हतो. शेजारची चार पोट्टी, त्यांची आजी, माझी बायको, सगळ्यांना मीच हाका मारून वर बोलावलं होतं. ‘या, या, लवकर या, असं पुन्हा दिसायचं नाही.’ खोड शिक्षकाची, दुसरं काय.

रेघा दिसेनाशा झाल्या तसं आम्ही म्हणालो, संपलं. पण खाली कुणी उतरलं नाही. पंधरा मिनिटं तिथेच उभं राहून ते काय असावं यावर वाद घातला.

आता हे समजून घ्या. रॉकेटचा तुकडा सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतो. सत्तर-ऐंशी किलोमीटर उंचीवर तो तापून फुटतो आणि आपल्याला दिसतो तो हा भाग. हलके तुकडे जळून जातात. जड किंवा पोकळ असले तरी दणकट तुकडे वाचतात, हवेने त्यांचा वेग मरतो, ते काळे पडतात आणि अंधारात कित्येक मिनिटं खाली येत राहतात. म्हणजे उजेड असतो तेव्हा धोका दूर असतो. तो जवळ येतो उजेड गेल्यावर. आम्ही स्लॅबवर उभे राहून गप्पा मारत होतो नेमकी तीच मिनिटं लाडबोरीच्या रिंगने खाली येण्यात घालवली होती. आमच्या गावावर काही पडलं नाही यात आमचं कर्तृत्व शून्य.

विमानविरोधी तोफेच्या माऱ्यात हेच होतं, फक्त मिनिटांच्या जागी सेकंद असतात आणि एका रिंगच्या जागी हजारो तुकडे. लोकांना आवाज ऐकू येतो, माळा दिसतात, ते बाहेर धावतात आणि मान वर करतात. आवाज थांबतो. कुणीतरी म्हणतं, झालं. वर गेलेलं सगळं अजून वाटेत असतं.

आमच्या गावात एक निवृत्त सुभेदार आहेत, हवाई संरक्षणाच्या पलटणीत त्यांनी एल-७० वर नोकरी केली. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून ते म्हणाले, ‘गुरुजी, फायरिंग थांबली की आम्हाले हायसं वाटे, पण डोक्यावरचं हेल्मेट काढाले मनाई. काऊन सांगा? आपलंच वापस येते न जी.’

पोत्यांचा हिशेब

‘वापस येते’ म्हणजे किती, हे गावाला पटवायला मी धानाची पोती वापरली. एल-७० चा गोळा ४० मिलिमीटर जाडीचा, वजन किलोला थोडं कमी. तोफ मिनिटाला २४० ते ३०० गोळे सोडते, म्हणजे सेकंदाला चार-पाच. दहा सेकंद एकसारखा मारा केला की धातू आणि दारू मिळून चाळीस-पंचेचाळीस किलो माल आकाशात गेला. धान खरेदी केंद्रावरचं एक पोतं. तोफ एक, दहा सेकंद, एक पोतं. रात्रभरात किती वेळा, आणि तोफा किती, हे तुम्हीच धरा.

यातलं लागतं किती? फारच थोडं. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर रात्री जर्मन बॉम्बफेकी सुरू झाली तेव्हा एक विमान पाडायला ब्रिटिशांना सुमारे २०,००० गोळे खर्च करावे लागत होते. रडार आणि नेम सुधारल्यावर काही महिन्यांत तो आकडा चार हजारांच्या आसपास आला. त्यांच्या मुख्य तोफेचा ३.७ इंची गोळा जवळपास पावणेतेरा किलोचा. सगळे गोळे तेच धरले तर एका विमानामागे अडीचशे टन, म्हणजे चाळीस किलोची सहा हजारांवर पोती, लंडन आणि आसपासच्या आकाशात. वर राहायला कुठलंच पोतं गेलं नव्हतं. सकाळी रस्त्यांवरून पोरं तुकडे वेचत आणि शाळेत अदलाबदल करत. रस्त्यावर गस्त घालणाऱ्या वॉर्डनच्या डोक्यावर लोखंडी टोप असायचा तो बॉम्बपेक्षा या पावसासाठी जास्त कामाचा होता.

आजच्या तोफांना रडार आहे, लक्ष्याजवळ गेल्यावर गोळ्याला आपोआप फोडणारे फ्यूज आहेत, आणि लक्ष्य चुकलं तर ठराविक सेकंदांनी गोळा स्वतःच फुटावा अशी सोयही असते. ऐकायला छान वाटतं. पण हवेत फुटलेल्या गोळ्याचे तुकडे होतात, तो नाहीसा होत नाही. आणि ही सोय प्रत्येक गोळ्यात प्रत्येक वेळी चालतेच असंही नाही. ज्यात चालत नाही तो गोळा सबंध, जिवंत, खाली येतो.

होनोलुलूचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. ७ डिसेंबर १९४१ ला जपान्यांनी पर्ल हार्बरवर हल्ला केला. शेजारच्या होनोलुलू शहरात त्या सकाळी चाळीसच्या आसपास स्फोट झाले, घरं पेटली, माणसं मेली. लोकांची खात्री की जपानी बॉम्ब. नंतरच्या तपासात कळलं की एक स्फोट सोडला तर बाकी सगळे अमेरिकी तोफांचेच गोळे होते. घाईत फ्यूज नीट न लावलेले किंवा न चाललेले, वर न फुटता शहरात येऊन फुटलेले. अडीच महिन्यांनी, २४-२५ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री, लॉस एंजेलिसवर तर शत्रूचं एकही विमान नव्हतं. तरी घाबरलेल्या तोफखान्याने १,४०० च्या वर गोळे झाडले. तुकड्यांनी घरं आणि मोटारी फोडल्या. पाच माणसं गेली ती अपघातांत आणि हृदयविकाराने.

अगदी साधी बंदुकीची गोळीही घ्या. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने फ्लोरिडात सरळ वर गोळ्या झाडून त्या कशा परततात हे तपासलं होतं. रायफलची गोळी तीनेक किलोमीटर वर जाते. जायला वीस सेकंदांपेक्षा कमी आणि यायला तीस सेकंद. परतताना वेग सेकंदाला ९० मीटरच्या आसपास. कातडी भेदायला साधारण ६० मीटर पुरतात. लग्नात हवेत गोळीबार करणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. २००३-०४ च्या नववर्षाच्या रात्री पोर्तो रिकोत अशा उत्सवी गोळ्या १९ जणांना लागल्या, त्यातला एक मेला.

सरळ वर गेलेली गोळी तरी वेग गमावून येते. ड्रोन कमी उंचीवरून येतं, त्याच्यावर तोफ आडवी झाडावी लागते, आणि चुकलेला गोळा तिरप्या वाटेने, बराचसा वेग राखून, काही किलोमीटर पुढच्या गावात उतरतो. तोफेपासून लांब आहोत म्हणून सुटलो, हे गणित इथे लागू पडत नाही. उलट तोफेला खेटून असलेलं गाव कधीकधी जास्त सुरक्षित.

कवेलू आणि गार

इथपर्यंत सांगितल्यावर ओट्यावरच्या एका आजीने विचारलं, ‘मंग घरात बसलो तं वाचतो का नाही, तेवढं सांग ना बापा.’ प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं.

शेवटी गारपिटीची मदत घेतली. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा पडतात आणि कवेलू, म्हणजे छपरावरची कौलं, फुटणं कुणाला नवीन नाही. लिंबाएवढी गार सेकंदाला वीस-पंचवीस मीटर वेगाने येते आणि कवेलू फोडते. परतणारी गोळी तिच्या चौपट वेगाने. वेग चौपट झाला की मार सोळापट होतो, वजन तेवढंच असलं तर. गोळी गारेपेक्षा हलकी असते, पण टोकदार आणि टणक असते, सगळा मार बोटाच्या पेरावर एकवटतो. तोफगोळ्याची कपची दातेरी. तेव्हा कवेलू किंवा टिनपत्रं म्हणजे फक्त आडोसा. घरकुलाचा स्लॅब बऱ्याच तुकड्यांना थांबवतो, सबंध गोळ्याची खात्री नाही. स्लॅबच्या खोलीत, खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीला टेकून, हे आमच्या गावात मिळणारं सगळ्यात चांगलं. इंग्रजांनी १९४१ पासून घराघरांत लोखंडी टेबलासारखे पिंजरे वाटले होते, त्याखाली कुटुंब झोपायचं. आपल्याकडे तेवढं कुठलं? ज्यांचं घर कवेलूचं त्यांनी शेजारच्या घरकुलात जायचं, एवढं ठरलं. यावर दोन भावकींत जुना वाद असल्यामुळे थोडी बाचाबाचीही झाली. आपत्तीच्या नकाशावर भाऊबंदकी दाखवायची सोय नसते.

लाडबोरीत लोकांनी काय केलं? बातम्यांनुसार गावात सामूहिक जेवणाची तयारी चालू होती, लाल तबकडीसारखं काहीतरी येऊन धाडकन पडलं, आणि लोक घरात पळाले. स्फोट होईल या भीतीने जवळपास अर्धा तास आतच बसले.

माझ्या मते हा या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग आहे, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी झाली. कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं, भोंगा नव्हता. भीतीने ते काम केलं जे आम्ही स्लॅबवरच्या शहाण्यांनी केलं नाही. अर्धा तास हा आकडाही नकळत योग्यच. तोफांचा मारा थांबल्यावर शेवटचा तुकडा एक-दोन मिनिटांत जमिनीवर येतो, पण पुढची लाट कधी येईल ते खाली बसलेल्याला माहीत नसतं.

भीतीची दुसरी बाजूही सांगायला हवी. ३ मार्च १९४३ च्या रात्री लंडनच्या बेथनल ग्रीन भुयारी स्थानकात लोक आसऱ्याला उतरत होते. जवळच्या बागेतून नव्या विमानविरोधी रॉकेटांचा मारा सुरू झाला. तो आवाज लोकांनी पूर्वी ऐकला नव्हता. त्यांना वाटलं बॉम्बच पडताहेत. अंधारी, ओली पायरी, एक बाई अडखळली, मागून लोंढा आला. १७३ माणसं चिरडून गेली, बहुतेक बाया आणि मुलं. तिथे बॉम्ब एकही पडला नव्हता. म्हणून आमच्या तालमीत सुभेदारांनी एकच गोष्ट हट्टाने करून घेतली. घराच्या दारात गर्दी झाली तर म्हातारी माणसं आणि पोरं आधी, आणि पळायचं नाही. आंगणातून दारापर्यंत वीस पावलं, ती चालतच जायची. लोक हसले. सुभेदार हसले नाहीत.

सकाळची गोष्ट

रात्र गेली. आता खरं संकट.

लाडबोरीची रिंग आणि बाकीचे गोळे यांच्याभोवती दुसऱ्या दिवसापासून जत्रा भरली. फोटो निघाले, हात लावले गेले, उचलून पाहिलं गेलं. रॉकेटच्या अशा टाक्यांत दाब उरलेला असू शकतो, काही रॉकेटांत हायड्राझिनसारखं विषारी इंधन असतं. लोकांना कुणी सांगितलं नव्हतं. मे २०२५ मध्ये पंजाबात हेच दिसलं. होशियारपूर जिल्ह्यात शेतात पीएल-१५ क्षेपणास्त्राचा भाग सापडला, लोक जमले, प्रशासनाला हात लावू नका म्हणून सांगत फिरावं लागलं.

आणि संकट शत्रूचंच असेल असं नाही. २७ फेब्रुवारी २०१९ ला काश्मीरमधल्या बडगाममध्ये आपल्याच हवाई संरक्षणाच्या क्षेपणास्त्राने आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं. आतले सहा हवाई सैनिक गेले आणि खाली असलेला एक नागरिकही. १५ नोव्हेंबर २०२२ ला युक्रेनच्या सीमेलगतच्या पोलंडमधल्या प्शेवोदुव या खेड्यात धान्य वाळवण्याच्या केंद्रावर क्षेपणास्त्र पडून दोघे मेले. युद्ध पोलंडचं नव्हतं, आणि ते क्षेपणास्त्र रशियन हल्ला अडवायला युक्रेनने सोडलेलं होतं असा निष्कर्ष निघाला. धान्य वाळवायचं ठिकाण म्हणजे आपली राइस मिलच की. पोती मोजणारी दोन माणसं.

आमच्या जिल्ह्यात भद्रावतीला आयुध निर्माणी आहे, चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे. कधी वेळ आलीच तर तोफा कशाभोवती लागतील हे सांगायला नको. पण मी गावाला तोफांची भीती घातली नाही. आमच्या गावाचं दुखणं वेगळं आहे: खाली पडलेलं लोखंड आम्ही सोडत नाही.

विदर्भाला हे नवं नाही. वर्धा जिल्ह्यात पुलगावला लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. जवळच सोनेगाव (आबाजी) शिवारात जुना दारूगोळा निकामी करण्याचं मैदान. तिथे फुटलेल्या मालाच्या धातूचे तुकडे वेचून विकणं हे आसपासच्या कित्येक घरांचं पोट होतं. २० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी तिथे निकामी करायचा दारूगोळा उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण गेले, त्यांत जवळच्या गावांतले रोजंदारीचे मजूर होते. मी यात कुणाला दोष द्यायला बसलेलो नाही. एवढंच म्हणतो, की पितळ आणि तांब्याचा भाव माणसाला माहीत असतो आणि फ्यूजचा नसतो. न फुटलेल्या गोळ्यावर सब्बल मारून पितळी कडं काढणारा माणूस अडाणी नसतो. त्याच्या डोळ्यापुढे पोरीची फी असते.

आता आमच्या शिवाराकडे पाहा. न फुटलेल्या गोळ्यासाठी धानाच्या बांधीपेक्षा चांगली गादी नाही. कडक जमिनीवर आदळला तर फ्यूज चालण्याची शक्यता तरी असते. चिखलात तो हळूच रुततो आणि राहतो. पुढच्या चिखलणीत ट्रॅक्टर येतो. बेल्जियम आणि फ्रान्सचे शेतकरी पहिल्या महायुद्धातले गोळे अजून दरवर्षी नांगराखाली काढतात, टनांनी.

दुसरी जागा मोहाखालची. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे चार वाजता बाया टोपली घेऊन जंगलात जातात, वाघाच्या भीतीने घोळक्याने. फुलं नीट दिसावीत म्हणून आदल्या दिवशी झाडाखालचा पाला जाळायची सवय आहे. वन विभाग बंदी करतो, वणवे लागतात म्हणून, तरी होतं. पाल्यात गोळा पडलेला असेल आणि वरून आग लावली, तर पुढचं सांगायला तोफखान्यात नोकरी केलेली लागत नाही. तेंदूपत्त्याच्या वेळी तेच. डोळे जमिनीवर, हात झुडपात. आमची मोसमी मजुरी अशी आहे, की आकाशातून पडलेली वस्तू गावात सगळ्यात आधी बाईच्या किंवा पोराच्याच हाताला लागणार. तरी सूचनांच्या बैठकीला पुरुषच बसतात. पहिल्या बैठकीला बाया दोन होत्या, त्यातली एक चहा घेऊन आलेली.

म्हणून दुसरी बैठक मी बचत गटात घेतली. तिथे एका बाईने पाच मिनिटांत जे सुचवलं ते आमच्या तीन तासांत निघालं नव्हतं. ‘जंगलात फोन लागत नाही. फडकं बांधायचं.’ बास. वस्तू दिसली की हात लावायचा नाही, लाथ मारायची नाही, माती टाकायची नाही. आलो त्याच पावलांनी मागे यायचं. वीस-पंचवीस पावलं दूर एका फांदीला लाल किंवा कुठलंही फडकं बांधायचं, वाटेवर तीन दगड एकावर एक. मग गावात येऊन कोतवालाला किंवा पोलीस पाटलाला सांगायचं, आणि जिथे फोन लागेल तिथून ११२. बॉम्बशोधक पथक जिल्ह्यावरून येईपर्यंत त्या वाटेने ढोरंसुद्धा न्यायची नाहीत. वाघ दिसल्यावर बाया मागच्यांना खूण ठेवतात, त्याच चालीचं हे होतं. नवीन शिकवायची गरजच नव्हती.

चाचणी

पुढच्या मोहाच्या हंगामात आम्ही याची परीक्षा घेतली. लोहाराकडून पाइपचे आठ तुकडे कापून घेतले, चार सेंटीमीटर जाड, वीतभर लांब, एका टोकाला निमुळते ठोकलेले. सुभेदारांनी स्वतः बसून त्यांना हिरवा रंग दिला, वर पिवळा पट्टा. मी म्हटलं, ‘काका, फारच खरे दिसून रायले.’ ते म्हणाले, ‘दिसले पाहिजेत.’ पंचायतीत आणि पोलीस ठाण्यात आधी कळवलं होतं. अंधार पडल्यावर आम्ही दोघांनी ते शिवारात टाकले: तीन मोहाखाली, दोन बांधीच्या धुऱ्यावर, एक बोडीच्या काठाला, एक शाळेच्या वाटेवर, एक नाल्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाच फांद्यांवर फडकी दिसली. मोहाखालचे तिन्ही बायांनी पहाटे अंधारातच ओळखले होते. एकीने तर स्वतःच्या पदराची किनार फाडून बांधली होती, आणि तिच्या नवऱ्याने त्यावरून मला दोन शब्द सुनावले.

शाळेच्या वाटेवरचा तुकडा सातवीतल्या माझ्या सगळ्यात हुशार विद्यार्थ्याने आणला. दप्तरात, कंपासपेटीच्या शेजारी. टेबलावर ठेवून म्हणाला, ‘सर, तुम्ही सांगितलं होतं ना असं काही दिसलं तर लगेच सांगा म्हणून. दाखवायलाच आणला.’ मी त्याला काही बोललो नाही. चूक माझ्या वाक्यात होती. तेव्हापासून मी ‘दिसलं तर सांगा’ म्हणत नाही. ‘दिसलं तर तिथंच राहू द्या’ म्हणतो, आणि मग सांगा.

धुऱ्यावरचा एक चार दिवसांनी भंगारवाल्याच्या काट्यावर निघाला, इतर लोखंडाबरोबर, रंग तसाच. कुणी विकला ते त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

नाल्यातला सापडला नाही. मी आणि सुभेदार दोनदा जाऊन पाहून आलो, स्वतः टाकलेल्या जागी. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, जाऊ द्या काका, पाइपचाच तुकडा आहे. सुभेदार काठीने पाण्यातला गाळ ढवळत राहिले.

‘तुमाले माहीत हाये पाइप हाये म्हणून,’ ते म्हणाले. ‘पावसात वाहून कोणाच्या बांधीत गेला, तर त्याले थोडीच माहीत रायते.’